लेकीच्या गावचा खेकडा

भालकीजवळच्या आमच्या मेहकरात समुद्र पाहिलेला माणूस नाही. मीही पाहिलेला नाही. पण समुद्रातला खेकडा मी खाल्ला आहे, तोही गुलबर्ग्यात, तलावाच्या काठी, पांढरी चादर घातलेल्या टेबलाशी बसून. परत आल्यापासून ही हकीकत मी पारावर एक तऱ्हेनं सांगितली, सोयऱ्यांना दुसऱ्या तऱ्हेनं. खोटं बोललं की मला अन्न पचत नाही, हा माझा जुना विकार आहे. म्हणून जे झालं ते एकदा सरळ लिहून काढतो. ज्यांनी ते गाव पाहिलं नाही त्यांना थोडी माहिती होईल, आणि माझं पोट हलकं होईल.

माझी थोरली लेक कौसल्या, घरात आम्ही तिला कौसा म्हणतो. गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं. जावई माणिकराव मूळचे अफजलपूरकडच्या करजगीचे, पण नोकरी गुलबर्ग्याला, तलावावरच्या एका मोठ्या हॉटेलात. संक्रांत झाली, तशी कौसाची माय म्हणाली, "लेकीनं बिऱ्हाड थाटून दोन महिने झाले. कसं राहायली, काय खायली, बघून तरी या." ती स्वतः येऊ शकत नव्हती, कारण म्हैस नुकती व्याली होती.

आता आमच्यात रीत अशी की, नातवाचं तोंड बघेपर्यंत बापानं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, अन्न तर नाहीच. माय-बाप दोघांनाही ही रीत लागू. मी ती कडक पाळणारा माणूस. बायकोनं दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली, फिरकीच्या तांब्यात आमच्या विहिरीचं पाणी भरून दिलं. लेकीसाठी वेगळं गाठोडं होतं. त्यात कुरडया, तीळ आणि येसर. येसर म्हणजे भाजलेल्या ज्वारी-डाळीचं मसाला घालून दळलेलं काळसर पीठ, आमच्याकडे रश्श्याला लावतात. प्रत्येक घराचं येसर वेगळं, आणि आमच्या घरचं तर अंधारातही ओळखू येतं.

निघताना बायको म्हणाली, "पाणी पिऊ नका. पर लेकीला रडवून बी येऊ नका."

या दोन गोष्टी एकाच माणसाला सांगणं बरोबर नव्हतं, हे मला गुलबर्ग्यात कळलं.

भालकी ते कमलापूर

भालकीपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली आणि बांधाला करडईची पिवळी फुलं. तांब्या मी मांडीवर धरला होता, कारण खाली ठेवला तर कुणाचे पाय लागतील. हुमनाबादच्या अलीकडे ड्रायव्हर मागे वळून ओरडला, "ओ बड़े मियां, वो लोटा संभालो! ब्रेक मारा तो सीधा मेरे सर पे आता!"

शेजारी एक कानडी बाई बसल्या होत्या, माझ्यापेक्षा वयानं थोड्या मोठ्या. मी त्यांना अक्का म्हटलं. तांब्याकडे बघून त्या म्हणाल्या, "गंगा हाय का त्याच्यात, अण्णा? लेकरू धरल्यावानी धरलाव."

मी रीत सांगितली. त्या डोळे विस्फारून बघतच राहिल्या.

"आमच्यात तसं इल्लरी! माझा अप्पा माझ्याकडं महिना महिना राहतो. जाताना लोणच्याची बरणी बी उचलून नेतो. पाणी प्यायचं न्हाई म्हंजे काय? लेक दिलाव का दुश्मनी केलाव?"

"रीत हाय अक्का. वाडवडलांची."

"मग असं करा. उंबऱ्याच्या भाईर बसून खावा. उंबऱ्याच्या भाईर घर कुठलं?"

त्या थट्टा करत होत्या, हे मला त्या उतरून गेल्यावर समजलं. त्या वेळी मात्र ती युक्ती मला फार शास्त्रशुद्ध वाटली, आणि मी ती मनात नीट घडी घालून ठेवली.

कमलापूरला मोटार थांबली. इथली तांबडी केळी प्रसिद्ध आहेत. साल शेंदरासारखी, आत गर घट्ट आणि गोड. लेकीसाठी फणी घेतली. त्यातलं एक केळ वाटेत मी खाल्लं. लेकीसाठी घेतलेलं लेकीच्या घरचं होतं का, या विचारानं पुढचा निम्मा रस्ता मला गोड लागला नाही.

गुलबर्गा

गुलबर्गा मोठं गाव. किल्ला, बाजार, गिरणीचा भोंगा, आणि मुंबई-मद्रास गाडीचं स्टेशन. स्टेशनच्या मागे चाळीसारखी घरं आहेत, त्यातल्या दीड खोलीत माझी लेक राहते. मला बघून तिनं पदर खोचला आणि पाय धुवायला पाणी आणलं. पायांनी पाणी पिता येत नाही, असा विचार करून मी पाय धुऊ दिले.

दीड खोली, पण आरशासारखी. भांडी उतरत्या मापानं लावलेली. पाटावर ताट वाढलेलं, त्यावर पुरणाची पोळी आणि तुपाची धार. बापासाठी लेकीनं सकाळपासून पुरण वाटलं होतं.

मी गाठोडं उघडलं, दशमी काढली, तांब्या घेतला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

"अप्पा, भाईर कामून बसलाव?"

"उंबऱ्याच्या भाईर बसलं की चालतंय," मी म्हणालो. "मोटारीत एक अक्का सांगायल्या होत्या."

तेवढ्यात समोरच्या दारातली म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं कौसे, बापाला भाईर बसविलीस व्हय? आन् ते वाळकं काय खायलेत? घरात पीठ न्हाई का? सांगायचं की, मी दिलं असतं वाटीभर!"

त्या ओळीतली पाच-सहा दारं उघडली. मला दशमीचा घास गिळताही येईना, टाकताही येईना. कौसा वळली. आत गेली, माझं ताट झाकलं, तिचंही झाकलं.

"तुमी माझ्यादेखत कोरडं चावायचं आन् मी पुरण खायचं?" ती म्हणाली. "तुमी धड जेवल्याबिगर मी बी जेवत न्हाई."

मला वाटलं, तास दोन तासांत विसरेल. पण ती माझी लेक आहे. संध्याकाळी नाही जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही जेवली. केळ्याची फणी तशीच खुंटीला. मी दोनदा चोरून दशमी खाल्ली आणि दोन्ही वेळा ती मला दगडासारखी लागली. बायकोचे शब्द आठवत होते. पाणी प्यालो नव्हतो, त्या बाजूनं मी पास होतो. दुसऱ्या बाजूनं नापास व्हायला आता एक हुंदका तेवढा बाकी होता.

जावई सकाळी स्टेशनावरून आले. त्यांचं कामच ते. मुंबईहून रात्री निघालेल्या गाडीत हॉटेलच्या पेट्या येतात. बर्फात आणि भुशात घातलेले मासे, ओल्या गोणपाटात जिवंत खेकडे. ते मोजून, वास घेऊन उतरवून घ्यायचे. गावात मी जावई मोठ्या हॉटेलचे मॅनेजर आहेत असं सांगितलं होतं. हे इथे लिहून मी त्यातून मोकळा होतो. माणिकरावांनी आधी साबणानं हात धुतले, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं, आणि तरीही माझ्यापासून चार हात लांब बसले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा दोन झाकलेल्या ताटांकडे बघितलं.

"मामा," ते म्हणाले, "हाटेल काय माझ्या बापाचं न्हाई. पारशी शेटचं हाय. लगीन झाल्यापासनं शेट म्हणायलेत, घरच्या वडीलमाणसाला एकदा पाहुणा म्हणून जेवायला आण. तुमी तिथं जेवलाव तर पारशाचं जेवलाव. आमचा काय संबंध?"

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. पारशाच्या घरी मी लेक दिलेली नाही. अन्न पारशाचं, चूल पारशाची, भांडं पारशाचं. शिवाय वार बुधवार होता. कुठून अडचण काढावी तर सापडेना.

"कौसा बी येईल का?" मी विचारलं.

"मी हाटेलात कशाला येऊ, अप्पा?" ती आतून म्हणाली. "तुमी जाऊन या. पोटभर खावा. मग मी हितं खाते." आणि कितीतरी वेळानं तिचा आवाज हलका वाटला. तो का हलका झाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तलावावर

तलाव गावाच्या कडेला. एका काठाला बंगल्यासारखी इमारत, पाण्यावर पुढे आलेला लाकडी सज्जा, खाली दोन रंगवलेल्या नावा. हैदराबादहून मोठी माणसं इथे हवापालटाला येतात, चार दिवस राहतात, सज्ज्यावर बसून मासे खातात आणि समुद्राकाठी बसल्याचं समाधान मानतात. समोरच्या काठाला म्हशी डुंबत होत्या आणि धोबी कपडे आपटत होते. सगळ्या खुर्च्या त्या बाजूला पाठ करून ठेवलेल्या. मला एकट्याला उलटं बसायचं होतं, कारण म्हैस बघितली की मला जरा धीर येतो.

माणिकराव मला दारापर्यंत सोडून आत कुठे गेले. त्यांना गिऱ्हाइकांत बसायची परवानगी नव्हती. मला एका गोवेकर बटलरनं ताब्यात घेतलं. काळा कोट, पांढरे हातमोजे. त्यानं आदबीनं माझ्या तांब्याकडे हात पुढे केला, साहेबांच्या टोप्या घेतात तसा.

"तांब्यो म्हाका दिया, पात्रांव." पात्रांव म्हणजे मालक, हे मला मागाहून कळलं.

"नको. माझ्याजवळच राहू द्या."

तांब्या मी टेबलावर मधोमध ठेवला. त्याच्या एका बाजूला फुलदाणी होती, तिच्यापेक्षा आमचा तांब्या जास्त चकचकीत होता, एवढं मला बरं वाटलं.

आमच्याकडे ताटात सगळं एकदम वाढतात. माणसाला आपली वाट दिसते. इथे एक बशी येते, ती जाते, मग दुसरी येते. पुढे किती आहे कळत नाही, म्हणून पोटात जागा किती ठेवावी तेही कळत नाही. पहिल्यांदा आला पापलेट नावाचा मासा, चपटा, शिपायाच्या बिल्ल्यासारखा. आम्ही मांजरा नदीतली मरळ खाणारी माणसं. मरळ अंगानं गोल असते, तिच्याकडे बघून मासा वाटतो. हा मात्र कुणीतरी त्याच्यावर बसल्यासारखा दिसत होता. चवीला उत्तम. काट्याचमच्याचा मान राखून मी ते बाजूला ठेवले आणि हातानं खाल्ला.

मग बटलरनं माझ्यासमोर चांदीचं एक हत्यार आणून ठेवलं. दोन दांड्या, मध्ये बिजागरी. मी ते लगेच ओळखलं. अडकित्ता! पाहुण्याला जेवणाच्या मध्येच सुपारी देण्याची पारशांची रीत मला आवडली. फक्त त्याला पातं नव्हतं, दात होते. वापरून वापरून बोथट झाला असेल, असं मला वाटलं. सुपारी काही आली नाही. यजमानाची विसरभोळी चूक उघडी पडू नये म्हणून मी माझ्या चंचीतली सुपारी आणि अडकित्ता दोन्ही काढलं, अडकित्ता टेबलावर ठेवला, सुपारी त्या दातांत धरली आणि दाबली.

सुपारी फुटली नाही. ती सुटली. शेजारच्या टेबलावर शेरवानी घातलेले एक वयस्क साहेब सूप पीत होते. डुबुक असा आवाज आला.

साहेबांनी चमच्यानं तळ ढवळला आणि सुपारी वर काढली. "ये क्या है?"

"हुजूर, सुपारी," मी उभा राहून म्हणालो. लपवण्यात अर्थ नव्हता. माझा हात अजून हत्यारावर होता.

"सूप में सुपारी?"

"जी, माझीच आहे. माफी असावी. यांचा अडकित्ता बोथट आहे."

साहेबांनी माझ्याकडे, हत्याराकडे आणि तांब्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांना हळूहळू कंप सुटला. हसताना त्यांची तुर्की टोपी घरंगळली. "अरे भाई, ये सुपारी का नहीं. केकड़े का है, केकड़े का!"

ते बोलताहेत तोवर त्यांच्यापुढे खेकडा आला. उकडलेला, लालभडक, ताटाबाहेर पाय टाकून बसलेला. साहेबांनी चांदीचं हत्यार लावलं. नांगी निसटली. पुन्हा लावलं, पुन्हा निसटली. ते म्हणाले, "आप का वाला दो जी, पातेवाला." मी माझा अडकित्ता दिला. आमच्या ओढ्यातला खेकडा दाताखाली सुद्धा फुटतो, त्या हिशेबानं मी फार आत्मविश्वासानं सांगितलं, "एकदम दाबा." त्यांनी दाबला. समुद्राच्या खेकड्याची नांगी म्हणजे दगड. अडकित्ता तिच्यात रुतला तो निघेना. एका बाजूनं साहेब, एका बाजूनं मी, मध्ये खेकडा, आणि बटलर हातमोजे घालून "जपून, जपून" म्हणत भोवती फिरतोय. शेवटी नांगी सुटली, साहेब खुर्चीत बसले, मी दुसऱ्या खुर्चीत बसलो, आणि अडकित्त्याची बिजागरी कायमची ढिली झाली. साहेबांनी निम्मा खेकडा माझ्या बशीत घालायचा हट्ट धरला. तेवढ्यात बटलर म्हणाला, पात्रांवांचा खेकडा वेगळा येतो आहे, रश्श्याचा.

तो आला. पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यात, सोबत भात. झाकण उचललं, आणि वाफ नाकात गेली.

मी पहिला घास घेण्याआधीच मला कळलं होतं. हे मी पारावर सांगितलेलं नाही. तो वास मेहकरचा होता. ज्वारी थोडी जास्त भाजलेली, धण्याच्या मागे दगडफुलाची सावली. ते गाठोडं मी स्वतः मांडीवर घेऊन आलो होतो. मुंबईचा खेकडा, पारशाचं भांडं, पण येसर माझ्या घरचं. आणि ते असं रश्श्याला लावणारा हात गुलबर्ग्यात एकच होता.

मी मान वर केली. मुदपाकखान्याच्या दाराला पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. त्याखाली दोन पावलं दिसत होती. जोडवी घातलेली.

आता उठावं, असं एक मन म्हणालं. वाडवडलांची रीत आहे. अजून तोंड उष्टं झालेलं नाही. तांब्या उचल आणि चल. मी खरंच तांब्यावर हात ठेवला. त्याबरोबर पडद्याखालची पावलं टाचांवर आली आणि निश्चल झाली. कालपासून त्या पोरीच्या पोटात अन्न नव्हतं.

मी भात कालवला आणि घास घेतला. पावलं चवड्यांवर उभी राहिली.

दुसरा घास घेतला. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर चढला. लहानपणी ताट येण्याची वाट बघताना ती अशीच उभी राहायची.

रश्श्यात मीठ जरा कमी होतं. टेबलावर मीठ होतं, हात पोचण्यासारखं. मी घेतलं नाही. तसंच सगळं खाल्लं, नांग्या चोखल्या, आणि बटलरला जरा मोठ्यानं म्हणालो, "तुमच्या गोव्याच्या आचाऱ्याला सांगा, रस्सा फक्कड झालाय! आणखी आणा."

बटलरच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "सांगतां, पात्रांव," तो म्हणाला, आणि पडद्याकडे गेला. मी पुन्हा पाहिलं तेव्हा पावलं नव्हती.

शेरवानीवाल्या साहेबांनी वास घेत माझ्या भांड्याकडे बोट केलं. "ये क्या चीज है? हम को तो कभी नहीं दिए."

"हुजूर," मी म्हणालो, "हे मिळायला इथं लेक द्यावी लागते." मी हे मराठीतून आणि हळू म्हणालो, आणि ते पुन्हा आपल्या खेकड्याकडे वळले.

घरी गेलो तेव्हा कौसा पाटावर बसली होती, समोर पुरणाची पोळी. कपाळावर काजळी लागलेली.

"काय दिलं अप्पा हाटेलात?"

"खेकडा."

"बरा होता?"

"बरा म्हंजे? दोनदा घेतला."

"गोव्याचे आचारी हुशार असतेत," ती म्हणाली, आणि तिनं केवढा तरी मोठा घास तोंडात घातला. माणिकराव आढ्याकडे बघत होते. आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

परत मेहकर

दुसऱ्या दिवशी मोटारीत बसल्यावर तांब्या मांडीवर घेतला, तर तो जड लागला. पाणी कालच संपलं होतं. फिरकी उघडून पाहिलं, काठोकाठ भरलेला, वर तुळशीचं पान.

अन्नाच्या बाबतीत माझा पाय घसरला होता. निदान पाण्याच्या बाबतीत तरी सरळ राहावं, असं मी ठरवलं. कमलापूरला घसा कोरडा पडला, केळी खाल्ली. हुमनाबादच्या पुढे धूळ उडाली, खोकला आला, तांब्या मांडीवर आणि मी खोकतोय. शेजारचा माणूस म्हणाला, "अहो, प्या की घोटभर!" मी मान हलवली. त्याला वाटलं असेल, माणूस वेडा आहे.

वाटभर मी घरी सांगायचं वाक्य घोकत आलो: पारशाच्या हॉटेलात जेवलो, लेकीच्या घरी अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यातला एकेक शब्द तासून पाहिला. तसं खोटं कुठेच नव्हतं.

दारात बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांब्या हातातून घेतला. मी वाक्य म्हणून टाकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "लेक रडली न्हाई ना?"

"न्हाई."

"जेवली?"

"पोटभर."

ती चुलीकडे वळली. पाठमोरीच म्हणाली, "रश्श्यात मीठ बराबर पडलं होतं का? कौसाचा हात मिठाला आखडता हाय."

"जरा कमीच होतं," मी म्हणालो.

म्हणालो, आणि तिथेच उभा राहिलो. चुलीतलं लाकूड तडतडलं. येसराचं गाठोडं कुणी बांधलं होतं, खेकड्यांच्या गावी येसर कशाला पाठवलं होतं, हे सगळं माझ्या डोक्यात तेव्हा उजाडलं.

बायकोनं मागे पाहिलं नाही. तिनं तांब्याची फिरकी काढली, तुळशीचं पान बाजूला केलं. लेकीच्या गावचं ते पाणी वाटीत ओतलं, उभ्याउभ्याच निम्मी वाटी पिऊन टाकली, आणि उरलेली निम्मी माझ्यापुढे धरली.